डेस्कटॉपवर मोबाइल अ‍ॅपची चाचणी: एमुलेटरचे लाड कसे थांबवायचे

एमुलेटरवर, म्हणजे संगणकात चालणाऱ्या आभासी फोनवर, झकास चालणारे अ‍ॅप खऱ्या फोनवर गेले की धापा टाकू लागते. यात दोष एकट्या अ‍ॅपचा नसतो. एमुलेटर अ‍ॅपचे फार लाड करतो. त्याला डेस्कटॉपचा प्रोसेसर मिळतो, मुबलक मेमरी मिळते, नेटवर्क कधी तुटत नाही, बॅटरी कायम शंभर टक्के आणि चार्जिंगवर असते, वर टाइप करायला पूर्ण आकाराचा कीबोर्ड. फोन वापरणाऱ्याच्या वाट्याला यातले काहीच येत नाही. म्हणून एमुलेटर चालू करता येणे ही फक्त तयारी झाली. खरी चाचणी या सोयी एकेक करून काढून घेतल्यावर सुरू होते.

पुढच्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये अर्थातच रोमनमध्ये टाइप करायच्या.

यंत्राची तयारी

अँड्रॉइड स्टुडिओ, एमुलेटर आणि ब्राउझर एकत्र चालवायचे असतील तर १६ जीबी रॅम हवी. ८ जीबीवर सगळे उघडते, पण संगणक सतत डिस्कवर लिहीत बसतो आणि एमुलेटर अडखळला की दोष अ‍ॅपचा की यंत्राचा हे कळत नाही. एसएसडी नसेल तर या वाटेला जाऊच नका, सरळ केबल लावून खरा फोन वापरा.

दुसरी गोष्ट व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे एका यंत्रात दुसरे आभासी यंत्र चालवण्याची प्रोसेसरची सोय. हे बंद असेल तर एमुलेटर एक तर सुरूच होत नाही किंवा गोगलगाईसारखा चालतो. विंडोजवर टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स टॅब उघडून सीपीयूवर क्लिक करा, खाली व्हर्च्युअलायझेशन 'एनेबल्ड' दिसायला हवे. दिसत नसेल तर बायॉसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन इंटेल प्रोसेसरवर व्हीटी-एक्स आणि एएमडीवर एसव्हीएम चालू करा. मग 'विंडोज फीचर्स'च्या यादीत 'विंडोज हायपरव्हायझर प्लॅटफॉर्म'वर खूण करून संगणक रीस्टार्ट करा. जुन्या लेखांमध्ये इंटेलचे हॅक्सम बसवायला सांगितलेले असते. ते आता बंद झाले आहे, त्यात वेळ घालवू नका. लिनक्सवर त्यासाठी केव्हीएम ही सोय लागते. आपले खाते 'केव्हीएम' गटात टाकल्यावर लॉग-आउट करून परत लॉग-इन करायला बरेच जण विसरतात आणि परवानगी नाकारल्याची तीच तक्रार पुन्हा येते. मॅकवर यातले काही करावे लागत नाही. सगळे जमले का हे 'एमुलेटर -अ‍ॅक्सेल-चेक' ही कमांड एका ओळीत सांगते.

एक खास आपल्याकडचा खड्डा: विंडोजवर युजरचे नाव देवनागरीत ठेवले असेल तर एमुलेटर कधीकधी सुरूच होत नाही. आभासी फोनच्या फाइली त्या युजरच्या फोल्डरमध्ये जातात आणि रोमनबाहेरच्या अक्षरांच्या पाथवर गाडी अडते. 'अँड्रॉइड_एव्हीडी_होम' नावाचा एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल तयार करून त्याला साध्या रोमन अक्षरांचा, मध्ये जागा नसलेला पाथ द्या.

कोणता आभासी फोन बनवायचा

इंटेल किंवा एएमडी यंत्रावर एक्स८६_६४ची सिस्टिम इमेज (आभासी फोनमध्ये चालणाऱ्या अँड्रॉइडची फाइल) घ्या, अ‍ॅपल सिलिकॉनच्या मॅकवर एआरएम६४ची. त्यातही तीन प्रकार असतात. 'गूगल प्ले'वाली इमेज दुकानातल्या फोनसारखी कुलूपबंद असते, तिच्यावर 'एडीबी रूट' चालत नाही (एडीबी म्हणजे संगणकावरून फोनला कमांड देणारे साधन, रूट म्हणजे फोनवरचे पूर्ण अधिकार). 'गूगल एपीआय'वाल्या इमेजवर रूट मिळते, त्यामुळे अ‍ॅपचा डेटाबेस उघडून पाहणे वगैरे सोपे जाते. तिसरी, गूगलच्या सेवा अजिबात नसलेली. तुमचे अ‍ॅप नकाशे किंवा पुश नोटिफिकेशन वापरत असेल तर या तिसऱ्या इमेजवर एकदा चालवून पाहाच. गूगल सेवा नसलेले फोन जगात आहेत, आणि तिथे अ‍ॅपने निदान नीट संदेश दाखवावा, उघडताक्षणी कोसळू नये.

रोजच्या कामाला दोन आभासी फोन पुरतात. एक सर्वांत नव्या अँड्रॉइडचा. दुसरा मुद्दाम गरीब: तुमचे अ‍ॅप ज्या सर्वांत जुन्या आवृत्तीला आधार देते ती आवृत्ती, ७२० बाय १२८० ची स्क्रीन आणि २०४८ एमबी रॅम. दिवसभर या गरीब फोनवरच काम करा आणि नव्यावर संध्याकाळी एक फेरी मारा. बहुतेक जण उलटे करतात.

अ‍ॅपमध्ये सी किंवा सी++ मध्ये लिहिलेली नेटिव्ह लायब्ररी असेल, मग ती तुमची असो वा एखाद्या एसडीकेसोबत आलेली, तर १६ केबी पेज साइजची (मेमरीचे तुकडे १६ केबीचे असलेली) इमेजही उतरवून घ्या. अँड्रॉइड १५ किंवा त्यापुढचे टार्गेट असलेल्या अ‍ॅपना १ नोव्हेंबर २०२५ पासून गूगल प्लेने हा आधार सक्तीचा केला आहे.

आभासी फोन बंद करताना त्याची अवस्था स्नॅपशॉटमध्ये साठवली जाते आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरू होते. वेळ वाचतो, पण मागच्या आठवड्यातले घड्याळ आणि मेलेले नेटवर्कही सोबत येते. काहीतरी अतर्क्य घडू लागले की कोड उघडण्याआधी डिव्हाइस मॅनेजरमधून 'कोल्ड बूट' करा. पहिल्यांदा अ‍ॅप उघडणाऱ्याचा अनुभव तपासायचा असेल तर 'वाइप डेटा'.

सर्व्हरशी गाठ घालून देणे

नवखा माणूस सर्वांत जास्त वेळ इथे अडकतो. सर्व्हर डेस्कटॉपवर चालू आहे, ब्राउझरमध्ये दिसतो, पण अ‍ॅप म्हणते कनेक्शन नाकारले. कारण एमुलेटरच्या आतून 'लोकलहोस्ट' म्हणजे एमुलेटर स्वतः. डेस्कटॉपचा पत्ता त्याच्यासाठी १०.०.२.२ असा असतो. अ‍ॅपच्या डीबग बिल्डमध्ये, म्हणजे चाचणीसाठी बनवलेल्या आवृत्तीत, हा पत्ता घाला, की काम झाले.

पण तोच बिल्ड खऱ्या फोनवर टाकला की १०.०.२.२ निरर्थक होतो. दोन्हीकडे चालणारा उपाय म्हणजे 'एडीबी रिव्हर्स टीसीपी:३००० टीसीपी:३०००'. यामुळे फोनमधला ३००० पोर्ट डेस्कटॉपच्या ३००० पोर्टला जोडला जातो आणि अ‍ॅपमध्ये 'लोकलहोस्ट'च ठेवता येते. केबल निघाली किंवा एमुलेटर रीस्टार्ट झाला की ही जोडणी जाते, कमांड पुन्हा द्यावी लागते. वाय-फायवरून फोन जोडायचा असेल तर सर्व्हर १२७.०.०.१ वर नाही, ०.०.०.० वर ऐकत ठेवावा लागतो आणि फायरवॉलमध्ये पोर्ट उघडावा लागतो.

पत्ता बरोबर असूनही अ‍ॅप बोलत नसेल तर पत्त्याची सुरुवात पाहा. अँड्रॉइड ९, म्हणजे एपीआय २८, किंवा त्यापुढचे टार्गेट असेल तर साधे एचटीटीपी मुळातच बंद आहे. नेटवर्क सिक्युरिटी कॉन्फिगच्या फाइलमध्ये तेवढ्या एका पत्त्यापुरती सूट द्या, आणि ती फाइल फक्त डीबग बिल्डच्या फोल्डरमध्ये ठेवा. मुख्य मॅनिफेस्टमध्ये (अ‍ॅपची माहिती सिस्टिमला देणाऱ्या फाइलमध्ये) सरसकट सूट दिली की ती एक दिवस ग्राहकापर्यंत जातेच. प्रॉक्सी, म्हणजे मध्ये बसून वाचणारा प्रोग्राम, लावून विनंत्या वाचायच्या असतील तर आणखी एक अडथळा आहे: अँड्रॉइड ७ पासून अ‍ॅप, युजरने स्वतः बसवलेल्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवत नाही. त्याची सूट त्याच फाइलमधल्या 'डीबग-ओव्हरराइड्स' या भागात देता येते.

कीबोर्ड काढून घ्या

डेस्कटॉपच्या कीबोर्डवरून टाइप करत राहिलात तर स्क्रीनवरचा कीबोर्ड कधी वर येतच नाही, आणि 'पुढे जा'चे बटण त्याच्याखाली गाडले जाते हे कळतच नाही. 'एडीबी शेल सेटिंग्ज पुट सिक्युअर शो_आयएमई_विथ_हार्ड_कीबोर्ड १' दिले की दोन्ही कीबोर्ड एकत्र चालतात. अँड्रॉइड १५ साठी टार्गेट केलेल्या अ‍ॅपमध्ये मजकूर स्क्रीनच्या कडेपर्यंत पसरतो, त्यामुळे तळाची बटणे आता कीबोर्डखालीच काय, नेव्हिगेशन बारखालीही जातात.

पाठीमागे मारले जाणे

संपूर्ण यादीतली एकच चाचणी करायला वेळ असेल तर ही करा.

वापरणारा फॉर्म अर्धा भरतो, ओटीपी बघायला मेसेजच्या अ‍ॅपमध्ये जातो. फोनची मेमरी कमी, म्हणून अँड्रॉइड तुमचे अ‍ॅप मारून टाकते. तो परत येतो तेव्हा सिस्टिम त्याला सरळ त्याच शेवटच्या स्क्रीनवर आणून सोडते. तिथे जायच्या वाटेवरची लॉगिनची स्क्रीन, माहिती भरून आणणारी पहिली स्क्रीन, यातले काहीच पुन्हा चालत नाही. ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवलेला युजर रिकामा झालेला असतो आणि अ‍ॅप कोसळते. डेस्कटॉपवरच्या श्रीमंत एमुलेटरमध्ये हे आपणहून सहसा घडत नाही, घडवून आणावे लागते:

१. फॉर्म अर्धा भरा.
२. होम बटण दाबा. ही पायरी गाळू नका, समोर उघडे असलेले अ‍ॅप पुढच्या कमांडने मरत नाही.
३. 'एडीबी शेल एएम किल' आणि पुढे तुमच्या पॅकेजचे नाव.
४. अलीकडच्या अ‍ॅपच्या यादीतून अ‍ॅप पुन्हा उघडा.

भरलेला मजकूर जागच्या जागी दिसला तर पास. इथे 'फोर्स-स्टॉप' वापरू नका. त्याने साठवलेली अवस्थाही पुसली जाते आणि अ‍ॅप पहिल्यापासून सुरू होते, म्हणजे चाचणी झालीच नाही. स्टुडिओतल्या लाल चौकोनी बटणावरही यासाठी विसंबू नका. डेव्हलपर ऑप्शन्समधले 'डोन्ट कीप अ‍ॅक्टिव्हिटीज' उपयोगी आहे, पण ते फक्त स्क्रीन नष्ट करते, प्रोसेस जिवंत राहते आणि ग्लोबल व्हेरिएबलही शाबूत राहतात. फोन आडवा-उभा करून पाहणे तर याहून फसवे. व्ह्यूमॉडेल (स्क्रीनचा डेटा मेमरीत धरणारा भाग) त्या फिरवण्यातून तरते, प्रोसेस मेल्यावर तरत नाही. टिकवायचे ते सेव्ह्डस्टेटहँडलमध्ये (सिस्टिमकडे छोटी अवस्था ठेवणाऱ्या सोयीत) किंवा डेटाबेसमध्ये ठेवा. आणि त्या हँडलमध्ये अख्खी यादी किंवा फोटो कोंबू नका. ही देवाणघेवाण ज्या बफरमधून होते तो सगळा मिळून सुमारे १ एमबीचा असतो, भरला की अ‍ॅप वेगळ्याच ठिकाणी कोसळते.

नेटवर्क बिघडवा

नेट नाही, नेट मंद आहे, आणि नेट आहे पण पलीकडून उत्तर नाही: या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी एअरप्लेन मोड पुरे, फक्त तो विनंती गेल्यानंतर लगेच चालू करा, आधी नको. दुसरीसाठी एमुलेटरच्या बाजूच्या पट्टीतले तीन ठिपके दाबून 'सेल्युलर'मध्ये नेटवर्क 'एज' (जुने, मंद नेटवर्क) करा आणि आभासी फोनचे वाय-फाय बंद करा.

तिसरी अवस्था सर्वांत त्रासदायक आणि तपासायला सर्वांत सोपी. सर्व्हरच्या कोडमध्ये उत्तर देण्याआधी ३० सेकंदांची झोप घाला. ओकेएचटीटीपीसारखी लायब्ररी मुळातल्या सेटिंगवर १० सेकंद वाट पाहून सोडून देते. अ‍ॅप 'अयशस्वी' म्हणते, वापरणारा पुन्हा बटण दाबतो, आणि तिकडे सर्व्हरने पहिली विनंती पूर्ण केलेली असते. झाल्या दोन ऑर्डरी. बटण दाबल्यावर ते बंद करणे हा अर्धाच इलाज. एकाच ऑर्डरच्या प्रत्येक प्रयत्नासोबत तोच ओळखक्रमांक पाठवला तरच सर्व्हरला दुसरी विनंती ओळखता येते.

बॅटरीचे लाड दोन कमांडमध्ये संपतात: 'एडीबी शेल डम्पसिस बॅटरी अनप्लग' आणि मग 'एडीबी शेल डम्पसिस डिव्हाइसआयडल फोर्स-आयडल'. फोन डोझमध्ये (बॅटरी वाचवणाऱ्या झोपेत) जातो, पार्श्वभूमीतले नेटवर्क थांबते, साधे अलार्म पुढे ढकलले जातात. रात्री दोनला येणारी आठवण सकाळी फोन उचलल्यावरच का वाजते याचे उत्तर इथे मिळते. काम झाले की 'डिव्हाइसआयडल अनफोर्स' आणि 'बॅटरी रीसेट' द्या.

ठिकाणावर चालणाऱ्या अ‍ॅपसाठी 'एडीबी ईएमयू जिओ फिक्स' आहे, पण त्यात आधी रेखांश आणि मग अक्षांश द्यायचा असतो. सवयीप्रमाणे उलटे दिले की ठिपका भलतीकडेच पडतो आणि अ‍ॅपमधली नसलेली चूक शोधण्यात तास जातो.

अक्षर, आकार आणि मराठी

अक्षरांचा आकार 'एडीबी शेल सेटिंग्ज पुट सिस्टिम फॉन्ट_स्केल १.३' ने वाढवा. अँड्रॉइड १४ पासून तो २ पर्यंत जातो. 'डब्ल्यूएम साइज' आणि 'डब्ल्यूएम डेन्सिटी' या कमांडने एकाच एमुलेटरवर निरनिराळ्या स्क्रीन पाहता येतात, शेवटी 'रीसेट' जोडले की मूळ माप परत येते.

मग फोनची भाषा मराठी करा आणि अ‍ॅप सुरुवातीपासून शेवटपर्यंत वापरा. अ‍ॅप इंग्रजीत असले तरीही. कोटलिन किंवा जावामध्ये दोन दशांश स्थळांची रक्कम स्ट्रिंग फॉरमॅटने बनवली आणि लोकॅल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) सांगितले नाही, तर फोनचे लोकॅल वापरले जाते. मराठीचे प्रमाण अंक देवनागरी आहेत. त्यामुळे सर्व्हरकडे इंग्रजी अंकांऐवजी '१२.५०' असे जाते आणि तो विनंती फेटाळतो. गंमत म्हणजे जावाचे पूर्णांक वाचणारे फंक्शन '१२' बिनतक्रार वाचते, दशांश वाचणारे मात्र एक्सेप्शन फेकते. म्हणून नगसंख्या चालते आणि रक्कम फुटते, आणि हे मराठीसारखी स्वतःचे अंक वापरणारी भाषा निवडलेल्यांच्याच फोनवर घडते. यंत्रासाठी बनवायच्या मजकुराला 'लोकॅल डॉट रूट' द्या, माणसाला दाखवायच्या मजकुराला फोनचे लोकॅल राहू द्या. तारखांनाही हेच लागू.

देवनागरीचे आणखी दोन सापळे. ओळीची उंची अक्षराच्या आकाराइतकीच बांधली तर वरचा रफार आणि खालचा उकार कापला जातो. बटणावर 'पूर्ण करू' लिहून पाहा. आणि नावाचे पहिले अक्षर गोलात दाखवत असाल तर 'श्रीधर'चे 'श' येते. 'श्री' हे संगणकाच्या लेखी चार खुणांचे मिळून बनते. वीस अक्षरांची मर्यादाही अशीच फसते. अक्षरे मोजायला जावातला ब्रेकइटरेटर वापरा.

आयफोनची बाजू

आयओएसचा सिम्युलेटर फक्त मॅकवर, एक्सकोडसोबत मिळतो. त्याचे नावच सांगते की तो एमुलेटर नाही: अ‍ॅप मॅकसाठीच कंपाइल होऊन मॅकच्या प्रोसेसरवर चालते. त्यामुळे इथला वेग आणि मेमरी पाहून काहीही ठरवू नका. नेटवर्कही मॅकचेच असल्याने 'लोकलहोस्ट' आपोआप चालते आणि खऱ्या आयफोनवर गेल्यावर अचानक बंद पडते. मॅकची डिस्क सहसा फाइलच्या नावातले लहान-मोठे अक्षर वेगळे मानत नाही, आयफोन मानतो. सिम्युलेटरमध्ये दिसणारे चित्र फोनवर गायब झाले तर आधी फाइलचे नाव तपासा.

कमांड-के दाबून स्क्रीनवरचा कीबोर्ड आणा. 'एक्ससीरन सिमसीटीएल पुश बूटेड' ला अ‍ॅपची ओळख आणि छोटी जेसन फाइल दिली की नोटिफिकेशन येते. 'सिमसीटीएल प्रायव्हसी बूटेड रीसेट ऑल' ने परवानग्यांचे प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारले जातात. नकार दिल्यावर अ‍ॅप कसे वागते ते पाहायला हे हवेच.

रिलीज बिल्ड आणि जुन्यावर नवे

आठवड्यातून एकदा तरी रिलीज बिल्ड (ग्राहकाला जाणारी आवृत्ती) एमुलेटरवर टाका. त्यात आर८ हे कोड आटोपशीर करणारे साधन चालू केले असेल तर ते वापरात नसलेला कोड काढते आणि नावे बदलते. जेसनमधली नावे थेट क्लासमधल्या फील्डच्या नावांवर अवलंबून असतील तर कोसळणे दूरच, नुसतेच रकाने रिकामे दिसतात. डीबगमध्ये हे कधीच दिसत नाही.

दुसरी राहून जाणारी चाचणी म्हणजे अपडेट. बाजारात असलेली जुनी आवृत्ती बसवा, तिच्यात खरा वाटेल असा डेटा भरा आणि तिच्यावरच 'एडीबी इन्स्टॉल -आर' ने नवी टाका. सह्या जुळत नसल्याची चूक आली तर बहुधा एक बिल्ड डीबग कीने सही केलेला आहे. अशा वेळी जुने अ‍ॅप काढून टाकण्याचा मोह आवरा. काढले की जुना डेटाबेसही गेला, आणि लिहायचा राहिलेला मायग्रेशन (जुना डेटा नव्या रचनेत नेणारा कोड) ग्राहकाच्या फोनवरच सापडणार.

कोसळल्यावर लॉगच्या महापुरात पोहण्याऐवजी आधी 'एडीबी लॉगकॅट -सी' ने पाटी कोरी करा, चूक पुन्हा घडवा आणि 'एडीबी लॉगकॅट -बी क्रॅश' वाचा. सर्वांत खालचे 'कॉज्ड बाय' आणि त्याखालची तुमच्या पॅकेजची पहिली ओळ, बस एवढेच बघायचे.

आणि खरा फोन

कॅमेरा, ब्लूटूथ, फोन तापल्यावर मंदावणारा वेग आणि कंपन्यांचे आक्रमक बॅटरी सेव्हर डेस्कटॉपवर नीट तपासता येत नाहीत. त्यासाठी एक स्वस्त, कमी रॅमचा फोन टेबलावर असू द्या. 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टिचकी मारा, यूएसबी डीबगिंग चालू करा, 'एडीबी डिव्हाइसेस' पाहा. 'अनऑथराइज्ड' आले तर फोनवरची परवानगीची खिडकी तुमची वाट पाहत आहे. काहीच आले नाही तर आधी केबल बदला, कित्येक केबल फक्त चार्जिंगपुरत्याच असतात. एससीआरसीपीवाय हे मोफत साधन त्या फोनची स्क्रीन डेस्कटॉपवर आणते, माउस आणि कीबोर्डने तो चालवता येतो.

मात्र केबल लावलेला फोन चार्ज होत असतो, आणि चार्ज होणारा फोन आपणहून डोझमध्ये जात नाही. म्हणजे लाड इथेही चालूच. अँड्रॉइड ११ पासून वायरलेस डीबगिंग आहे: 'एडीबी पेअर' ला फोनवर दिसणारा पत्ता आणि सहा अंकी कोड द्या, मग 'एडीबी कनेक्ट' ला मागच्या पडद्यावरचा पत्ता. दोन्हींचे पोर्ट वेगळे असतात, पहिलाच पोर्ट दोन्हीकडे टाकल्याने जोडणी फसते. जोडणी होऊन अ‍ॅप बसले की वायरलेस डीबगिंगही बंद करा, स्क्रीन बंद करून फोन रात्रभर टेबलावर तसाच पडू द्या आणि सकाळी आधी नोटिफिकेशन किती वाजता आल्या ते पाहा.